तयार रिव्हेट चिलखत: कापड पक्कं, बेत कच्चा

मध्ययुगीन युरोपातल्या लढाया, छावण्या आणि हस्तकला आज जशाच्या तशा उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींना रीएनॅक्टर म्हणतात. या मंडळींत कड्यांचं चिलखत अंगावर असणं ही आता काही विशेष गोष्ट राहिलेली नाही. काही शे युरो मोजले की ते घरपोच येतं. बाजारात मिळणारी ही तयार रिव्हेट चिलखतं (ज्यांत कडीची दोन टोकं रिव्हेट नावाच्या छोट्या खिळीने जोडलेली असतात) बहुतांशी उत्तर भारतातल्या कारखान्यांत बनतात आणि तिथून जर्मनी, इंग्लंड, पोलंड, अमेरिकेतल्या दुकानांत जातात. नावं आणि डबे वेगवेगळे असले तरी माल बराचसा एकाच घडणीचा असतो, म्हणून हे परीक्षण कुणा एका विक्रेत्याचं नाही. सगळ्यात जास्त खपणाऱ्या नमुन्याचं आहे: मांडीपर्यंत लांब, अर्ध्या बाह्यांचं हॉबर्जन, म्हणजे कड्यांचा सदरा. कड्यांचा आतला व्यास ९ मि.मी., कड्या चपट्या, रिव्हेट पाचरीचे, आणि एक रांग रिव्हेट मारलेल्या कड्यांची तर पुढची रांग अखंड कड्यांची.

निकाल आधीच सांगतो. पैशाच्या मानाने हा माल चांगला आहे. पण तो अंगावर चढवला म्हणून कुणी जाणकार ठरत नाही, आणि त्यातल्या त्रुटी कुठे आहेत हे ज्याला बघता येतं तोच पुढे या कलेत कारागीर होतो.

आधी कडी बघू. चिलखत हातात आलं की एक रिव्हेटची कडी निवडा, दोन बोटांत धरा आणि भिंग लावा. तारेची दोन टोकं एकमेकांवर चढलेली दिसतील. हा चढ तारेच्या रुंदीच्या निदान दुप्पट लांब हवा. मधोमध रिव्हेटचं डोकं, बाहेरच्या बाजूला उंचवट्यासारखं. उलट्या बाजूला रिव्हेट जवळजवळ सपाट हवा, कारण ती बाजू आतल्या कपड्याला घासते. पाचरीचा रिव्हेट म्हणजे पत्र्यातून कातरलेला छोटा त्रिकोण. तो मागून आत सारतात, टोक पुढे येतं आणि चिमट्याच्या खळग्यात दाबलं की त्याचं डोकं बनतं. पश्चिम युरोपात हा प्रकार चौदाव्या शतकापासून वाढत गेला. त्याआधी गोल तारेचे रिव्हेट सर्रास होते. म्हणजे १०६६ साली इंग्लंडमध्ये हेस्टिंग्जच्या लढाईत उतरलेल्या नॉर्मन योद्ध्याच्या अंगावर पाचरीच्या रिव्हेटचं चिलखत शोभत नाही. १३६१ मध्ये बाल्टिक समुद्रातल्या गॉटलंड बेटावर विस्बी शहराच्या तटाबाहेर पडलेल्या शेतकरी सैनिकाच्या अंगावर चालून जाईल. दुकानदार दोन्ही काळांना एकच माल दाखवतात. काळ कोणता उभा करायचाय ते ठरवूनच रिव्हेट निवडायचा.

आता त्या भोकाकडे बघा, कारण कारागिराचा हात इथेच कळतो. चांगल्या कडीत भोक पाडलेलं नसतं, चीर पाडलेली असते. पोलादी सुंभ्याचं, म्हणजे भोक पाडायच्या हत्याराचं, टोक छिन्नीसारखं चपटं असतं. ते चपट्या केलेल्या जोडावर तारेच्या लांबीला समांतर ठेवून ठोकतात. धातू बाजूला सरकतो, कापला जात नाही, म्हणून ताकद टिकते. तेच भोक ड्रिलने पाडलं तर तेवढा धातूच निघून जातो आणि दोन्ही कडांना नखाएवढीही भिंत उरत नाही. चिरेच्या दोन्ही बाजूंना निदान चिरेच्या रुंदीइतका धातू शिल्लक हवा, हा सोपा नियम. तयार मालात सगळ्यात जास्त आढळणारा दोष हाच: चीर मध्यावर नसते, एका काठाला सरकलेली असते. असा रिव्हेट दिसायला नीट दिसतो, पण चिलखत डोक्यावरून ओढताना खांद्यावर ताण आला की बारीक बाजू फाटते आणि कडी उघडते. कारण असं की सुंभा नजरेच्या अंदाजाने टेकवलेला असतो. कडी बसवायला खाच असलेला साचा वापरला तर चूक जवळपास होत नाही, पण साच्यात कडी बसवायला वेळ जातो, आणि या कामात मजुरी कड्यांच्या संख्येवर असली की वेळ महाग पडतो.

दुसरा दोष: रिव्हेट आरपार न गेलेला. वरून डोकं दिसतं, पण खालच्या थरात तो शिरलेलाच नसतो, नुसता दाबून बसवलेला असतो. ओळखायची पद्धत अशी: दोन छोट्या पकडी घ्या, जोडाच्या दोन्ही बाजूंना कडी धरा आणि कागद पिळावा तशी हलकेच पिळा. चांगला रिव्हेट हलत नाही, कडीच वाकते. वाईट रिव्हेट फिरतो किंवा जोड उघडतो. सगळ्या कड्या तपासणं शक्य नाही. काख, गळ्याची कड, घेराला मागे ठेवलेल्या चिरेचा वरचा कोपरा आणि बाह्यांची टोकं या चार जागी हातभर भाग तपासला तरी मालाचा अंदाज येतो.

तिसरा दोष रिव्हेटचा नाही, अखंड कड्यांचा आहे. त्या पत्र्यातून ठोकून काढलेल्या असतात. एका बाजूला कड गोलसर असते, दुसऱ्या बाजूला धारदार बर, म्हणजे कापताना काठाला उरलेला खरखरीत धातू. नवं चिलखत अंगरख्यावर महिनाभर घासलं की अंगरख्याच्या खांद्यावरचे दोरे तुटू लागतात ते याच बरमुळे. शिवाय या कड्या बऱ्याचदा वॉशरइतक्या पातळ आणि रुंद असतात, त्यामुळे चिलखत लांबून बघताना नको तितकं चमकतं आणि एका दिशेने ताठ पडतं. जुन्या कड्यांचा छेद इतका पसरट क्वचितच असतो. म्हणून चपट्या कड्यांचा माल घ्यायचाच असेल तर अखंड कड्या हातात घेऊन बघा. जाडी आणि रुंदी यांत दुपटीपेक्षा जास्त फरक असेल तर दुसरा माल शोधा.

कडीचा आतला व्यास आणि तारेची जाडी यांचं प्रमाणही महत्त्वाचं. ९ मि.मी. व्यास आणि १.४ मि.मी. तार, म्हणजे साधारण साडेसहा पट. हे ठीक आहे, पण विरळ. ६ मि.मी. व्यास आणि १.२ मि.मी. तार, म्हणजे पाच पट. हे दाट, भरीव आणि अंगावर कापडासारखं सळसळणारं. प्रमाण सातच्या वर गेलं की जाळी उघडी दिसते आणि कडी ताणाखाली लांबट होते. लहान कड्यांच्या मालाची किंमत बरीच वाढते, कारण तेवढ्याच अंगाला कितीतरी जास्त कड्या लागतात. जमत असेल तर तोच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. ९ मि.मी. ही कारखान्याची सोय आहे, इतिहासाची नाही.

रिव्हेट नसलेली, नुसती टोकाला टोक भिडवलेली कडी या परीक्षणात घेतलीच नाही. ती स्वस्त असते, जड असते, आणि काखेत व घेराच्या कडेला आठवड्याभरात उघडायला लागते. जाड तार वापरून ती टिकवायचा प्रयत्न होतो आणि मग चौदा-पंधरा किलोचं ओझं होतं. अ‍ॅल्युमिनिअमच्या कड्यांबद्दल तर बोलायलाच नको.

हे सगळं कळायला स्वतः निदान वीतभर तुकडा बनवून बघावा लागतो. रीएनॅक्टरांत हस्तकलेचं प्रभुत्व कशाला म्हणायचं यावर बराच वाद होतो, पण चिलखताच्या बाबतीत जाणती माणसं जवळपास एकाच गोष्टीवर येऊन ठेपतात: कडी कशी फसते हे तुम्हाला आधीच सांगता येतं का? १९६६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनॅक्रॉनिझम या संस्थेत कला आणि शास्त्रातल्या सर्वोच्च मानाला ऑर्डर ऑफ द लॉरेल म्हणतात. तिथेही नुसता सुबक नग पुरत नाही. अभ्यास कुठून आला, साधनं कशी बनवली, आणि दुसऱ्याला शिकवता येतं का, हे बघितलं जातं. हा निकष आम्हाला पटतो. हातात सफाई असलेला माणूस एका कडीची नक्कल करू शकतो. प्रभुत्व असलेला माणूस हजारावी कडीही पहिलीसारखीच करतो, आणि एखादी बिघडली तर पाच पायऱ्यांपैकी नेमकी कोणती चुकली ते बोट ठेवून दाखवतो.

त्या पायऱ्या थोडक्यात अशा. तार मऊ लोखंडाची, १.२ ते १.६ मि.मी. बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती काळी बाइंडिंग वायर सरावाला उत्तम, कारण ती आधीच ताव देऊन मऊ केलेली असते. जस्ताचा मुलामा दिलेली तार घेऊ नका. तापवली की जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो नाकात गेला तर ताप भरतो. तार सळईवर घट्ट गुंडाळून स्प्रिंग करायची आणि एकेक वेढा कापायचा. इथे नवशिके हमखास चुकतात: टोकं एकमेकांवर चढवली की कडी लहान होते. ५ मि.मी. चढ दिला तर परिघ ५ ने कमी होतो, म्हणजे व्यास सुमारे १.६ मि.मी. ने घटतो. ८ मि.मी. ची कडी हवी असेल तर सळई ९.५ मि.मी.च्या आसपासची लागते.

मग कड्या लाल होईपर्यंत तापवून राखेत हळूहळू गार करायच्या. पाण्यात टाकण्याचा मोह टाळावा. त्यानंतर जोड हातोडीच्या एका, फार तर दोन ठोक्यांत ऐरणीवर चपटा करायचा. जास्त ठोके दिले की लोखंड पुन्हा कडक होतं आणि सुंभा लागताच जोडाला तडा जातो, म्हणून चपटं केल्यावर आणखी एकदा ताव द्यायचा. हा दुसरा ताव बहुतेक जण वाचवतात, आणि फुटलेल्या जोडांचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. तडा तारेच्या दिशेने गेलेला असेल तर ताव कमी पडला. आडवा गेलेला असेल तर जोड फार पातळ ठोकला.

सुंभ्याचं टोक पाणी दिलेल्या पोलादाचं हवं आणि प्रत्येक चार-पाच कड्यांनंतर मेणात बुडवायचं, नाहीतर ते कडीत अडकून मोडतं. कडीखाली शिसं किंवा पितळेचा तुकडा ठेवा. ऐरणीवर थेट ठोकलं तर टोक बोथट होतं. रिव्हेटची लांबी म्हणजे दोन थरांची जाडी आणि वर एक-दीड मिलिमीटर. लांब झाला तर डोकं बनण्याऐवजी वाकतो, आखूड झाला तर चिमट्याखाली पसरतच नाही. चिमट्याचा खळगा खोल असेल तरी तोच घोटाळा होतो: डोकं उंच आणि सुंदर दिसतं, पण आत दाब पोचलेला नसतो. विकत मिळणाऱ्या चिमट्यांत खळगा जवळपास नेहमीच खोल असतो. त्या बाजूचा जबडा थोडा घासून खळगा उथळ करून घ्यावा लागतो.

एका कडीला सगळ्या पायऱ्या धरून २ मिनिटं लागली तरी १२,००० रिव्हेट कड्यांना ४०० तास होतात. निम्म्या कड्या अखंड ठेवण्यामागे हाच हिशोब होता. यॉर्कमध्ये १९८२ साली सापडलेल्या आठव्या शतकातल्या कॉपरगेट शिरस्त्राणाला मानेवर कड्यांचा जो पडदा आहे, त्यात सुमारे २,००० कड्या आहेत आणि त्यात हीच आलटून-पालटून रांगांची रचना दिसते. त्याच्याही आधीच्या, १९३९ मध्ये इंग्लंडमधल्या सटन हू इथे सापडलेल्या गंजून गोळा झालेल्या चिलखतातही रिव्हेटच्या आणि अखंड कड्यांच्या रांगा होत्या, आणि तिथले रिव्हेट तांब्याचे. त्यामुळे आपल्या तयार हॉबर्जनची मूळ वीण बरोबरच आहे. त्याबद्दल कारखान्याला पूर्ण गुण.

गुण कापले जातात ते बेतण्यात. आणि हा मुद्दा आम्हाला सगळ्यात मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो.

तयार हॉबर्जन जमिनीवर पसरा. इंग्रजी टी अक्षर दिसेल. मागचा आणि पुढचा भाग सरळ आयत, बाह्या सरळ नळ्या, गळ्याला एक भोक. सगळीकडे एकच वीण, कुठे एक कडी कमी नाही, कुठे एक जास्त नाही. कारखान्याला हे सोपं पडतं, कारण सरळ तुकडे कुणीही विणू शकतं आणि शेवटी जोडता येतात. पण माणसाचं अंग टीच्या आकाराचं नाही. हे चिलखत घालून दोन्ही हात वर करा. खालची कड वीतभर वर चढेल, काखेत कड्या रुततील आणि सगळं ओझं मानेच्या दोन्ही बाजूंना येऊन बसेल. तलवार डोक्यावर नेताना प्रत्येक वेळी पूर्ण चिलखत उचलावं लागतं. अर्ध्या तासात खांदे भरून येतात आणि लोक म्हणतात की चिलखतं फार जड असायची. जडपणा नव्हे, बेतण्यातला दोष आहे तो.

जुन्या कारागिराने कापडाच्या शिंप्यासारखंच काम केलं, फक्त कातरीऐवजी कडीने. नेहमीच्या विणीत प्रत्येक कडी वरच्या रांगेतल्या दोन आणि खालच्या रांगेतल्या दोन कड्यांत अडकते. रुंदी वाढवायची असेल तिथे वरच्या रांगेतल्या एकाच कडीत एक जादा कडी घालायची. पुढच्या रांगेपासून ती इतरांसारखीच धरली जाते, आणि रांगेत एक कडी वाढते. रुंदी कमी करायची असेल तर एका कडीत वरच्या दोनऐवजी तीन कड्या घ्यायच्या, रांगेतली एक कडी कमी होते. एवढ्या दोन युक्त्यांवर खांद्याचा उतार, पाठीचा फुगवटा, कंबरेचा आवळ आणि घेराची कळी, सगळं घडतं. पाठीवर खांद्याच्या हाडांजवळ वाढ दिली की हात पुढे जाताना पाठ ताणली जात नाही. घेरात ठराविक अंतराने वाढ दिली की घोड्यावर बसताना पुढची-मागची चीर नीट उघडते.

म्युझियममध्ये मूळ चिलखत बघायला मिळालं तर रिव्हेट बघून झाल्यावर या जागा शोधा. लंडनच्या वॉलेस कलेक्शनमध्ये पंधराव्या शतकातलं एक जर्मन चिलखत आहे, ज्यातल्या एका पितळी कडीवर कारागिराचं नाव आणि गावाचं नाव ठोकलेलं आहे. ते गाव इझरलोन मानलं जातं, जे तार आणि चिलखतांसाठी प्रसिद्ध होतं. हजारो लोखंडी कड्यांत एकच नाव असलेली कडी. न्यूरेंबर्गच्या मेंडेल वृद्धाश्रमाच्या सचित्र नोंदवहीत, जिची चित्रं १४२५च्या सुमारास सुरू झाली, चिलखत विणणाऱ्या कारागिराचं चित्र आहे. पुढ्यात चिलखत, हातात पक्कड. त्या चित्रात कुणी कड्या बनवत नाही हे लक्षात घ्या. चिलखत आकाराला आणलं जातंय.

तयार हॉबर्जनला सुधारता येतं, आणि त्यासाठी हा माल खरंच उपयोगी आहे. पहिली दुरुस्ती काखेची. बाहीच्या खालची जोडरेघ काखेपासून दोन्हीकडे १२ ते १५ सें.मी. उसवा, म्हणजे त्या रेघेवरचे रिव्हेट छिन्नीने कापून कड्या काढा. त्या फटीत कोनावर उभा राहील असा चौकोनी तुकडा बसवा. हात वर केल्यावर आता कड बोट-दोन बोटंच चढते. दुसरी दुरुस्ती गळ्याची. कारखान्याचा गळा मोठा असतो, कारण कुणाचंही डोकं जायला हवं. खांद्याच्या रेघेवर दोन-तीन रांगांत प्रत्येक चौथी कडी तीनात अडकवून गळा आवळा आणि पुढे वीतभर चीर ठेवा, जी वादीने बांधता येईल. तिसरी दुरुस्ती मागच्या चिरेची. तिच्या वरच्या टोकाला सगळा ताण येतो, तिथे अखंड कड्यांऐवजी दोन रांगा सलग रिव्हेटच्या घाला.

सुट्या कड्या आणि रिव्हेट त्याच विक्रेत्याकडून, त्याच खेपेला घेऊन ठेवा. किलोच्या पिशव्या मिळतात, एक पिशवी या तिन्ही दुरुस्त्यांना सहज पुरते. नंतर मागवलेल्या कड्यांची जाडी जुळेलच असं नाही, आणि अर्ध्या मिलिमीटरचा फरक अंगावर ठिगळासारखा उठून दिसतो. बसवताना रिव्हेटची डोकी सगळी बाहेर आणि जोडाचा चढ सगळीकडे एकाच दिशेला ठेवा. जाणकार माणूस दुरुस्ती शोधताना आधी हेच बघतो.

रांगांची दिशा दुकानात बघून घ्या. अंगावर रांगा आडव्या यायला हव्यात. मग वजनाने कड्या खाली ओढल्या जातात, घेर आपोआप आवळतो आणि श्वास घेताना पुन्हा पसरतो. रांगा उभ्या असतील तर चिलखत फुगून राहतं आणि पोटाजवळ ताठ पडतं. असा माल परत करावा.

माप घेताना छाती आतल्या जाड गादीदार अंगरख्यावरून मोजा आणि त्यात १५ ते २० सें.मी. मिळवा. छातीला बसतं पण खांद्यातून उतरत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. घालताना आधी दोन्ही हात बाह्यांत सारायचे, मग हात वर करून चिलखत अंगावर घसरू द्यायचं. काढताना कंबरेत वाकायचं आणि अंग झटकायचं, ते आपल्या वजनाने डोक्यावरून खाली येतं. केस मोकळे असतील तर कड्यांत अडकतात, म्हणून डोक्याला फडकं. ९ मि.मी.चं अर्ध्या बाह्यांचं हॉबर्जन साधारण ९ ते ११ किलो भरतं. कंबरेला पट्टा घट्ट बांधून वरचं चिलखत थोडं ओढून पट्ट्यावर झुकतं सोडलं तर बरंचसं ओझं कंबरेवर जातं. पट्ट्याशिवाय चिलखत घालून फिरणारा माणूस लांबूनच नवखा ओळखू येतो.

डबा उघडल्यावर माल काळ्या तेलात माखलेला असतो. गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तो काढा, लगेच पुसून उन्हात वाळवा, आणि मग झाकणाच्या पिंपात कोरडी भरड वाळू घालून चिलखतासकट अर्धा तास लोळवा. १३४४ सालच्या डोव्हर किल्ल्याच्या यादीत चिलखतं लोळवण्यासाठीच्या पिंपाची नोंद आहे, म्हणजे पद्धत तेव्हाचीच. वाळूने बर झिजते, चमक मंद होते, आणि आणखी एक फायदा: ज्यांचे रिव्हेट कच्चे होते त्या कड्या पिंपाच्या तळाशी गळून पडतात. त्या मोजा. दहा-पंधरा पडल्या तर माल ठीक. मूठभर पडल्या तर विक्रेत्याला फोटो पाठवा. नंतर बाह्यांतून बांबू घालून चिलखत उजेडासमोर टांगा, म्हणजे भोकं लगेच दिसतात. मेण विरघळवलेल्या तेलाचा हलका हात द्या आणि कापडी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घाम कोंडतो आणि आठवड्यात गंज धरतो.

शिवकालीन प्रसंगांसाठी हाच माल वापरावा का, असं महाराष्ट्रातून विचारलं जातं. वापरू नये. १६५९ साली अफझलखानाच्या भेटीला महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं हे आपल्याला ठाऊक आहे, पण भारतीय चिलखतांची घडण वेगळी आहे. कड्या बऱ्याचदा लहान, अखंड कड्यांत मधोमध आडवी पट्टी असलेला प्रकारही आढळतो, आणि पुष्कळ चिलखतं पुढून उघडणारी असतात. पाचरीच्या रिव्हेटचं, डोक्यावरून चढवायचं युरोपी हॉबर्जन तिथे उपरं दिसतं. जो कारखाना एवढ्या सफाईने पंधराव्या शतकातली जर्मन वीण विणतो, त्याच कारखान्याकडून दख्खनी चिलखत मागवता येईल. त्यासाठी मागणाऱ्याने मूळ चिलखत नीट मोजून कडीचा व्यास, तारेची जाडी, रिव्हेटचा प्रकार आणि प्रत्येक भागातल्या रांगांची संख्या लिहून द्यावी लागेल. नुसता फोटो पाठवला तर पुन्हा टीच येईल.

खरेदीला निघालेल्यांसाठी: काळ अकराव्या-बाराव्या शतकाचा असेल तर गोल तारेची कडी आणि गोल रिव्हेट मागा. चौदावं-पंधरावं शतक असेल तर पाचर. पहिल्यांदाच घेत असाल तर हॉबर्जनआधी मानेचा आणि खांद्यांचा पडदा घ्या. त्यात हजारभरच रिव्हेट तपासावे लागतात, वाढ-घट दोन्ही शिकायला मिळतात, आणि चुकलं तर संध्याकाळभरात उसवून पुन्हा विणता येतं.